मासळीच्या गाडीतून गेलेलं माझं रक्त

माझी आई मासे विकायची. देवगडच्या बंदरावर लिलावात माल घ्यायचा, थोडा बाजारात बसून विकायचा आणि मोठा, देखणा मासा बर्फात घालून मुंबईला पाठवायचा, हा तिचा धंदा. मुंबईचा व्यापारी म्हणे इतरांची खोकी उघडून, नाकाला लावून घ्यायचा. आयेचं, म्हणजे माझ्या आईचं, खोकं मात्र तसंच पुढे जायचं. मी हे कौतुकाने सांगते आहे असं कुणाला वाटेल. बरोबर आहे, कौतुकानेच सांगते आहे. ज्यांना आईचं कौतुक ऐकवत नाही त्यांनी इथेच थांबावं.

मी मात्र माशांच्या वाटेला गेले नाही. डी.एड. केलं आणि मिठबावच्या बाजूला एका शाळेत लागले. आमच्या घरात पगाराची पहिली नोकरी माझी. आये बाजारात सगळ्यांना सांगायची, "माझां चेडू मास्तरीण हा," आणि मग बांगड्याचा भाव वाढवून सांगायची, जणू मास्तरणीच्या आईला तेवढा हक्कच आहे.

बाविसाव्या वर्षी पोटाने दगा दिला. आधी कळा, मग जुलाब, मग रक्त. शाळेतल्या एकुलत्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पाढे म्हणून घेताना माझं अर्धं लक्ष त्या खिशाकडे असायचं. गावात ज्याला त्याला माझ्या पोटाबद्दल मत होतं. कुणी म्हणे सोलकढी पी, कुणी म्हणे पोट उतरलंय, चोळून घे, कुणी म्हणे लग्न कर, आपोआप थांबेल. शेवटच्या बाईला मी विचारलं, "नवरो काय इसबगोल आसा?" ती पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही. माझ्या नाकावरचा राग आजारातही जागचा हलला नव्हता.

आधी आतड्यांचा क्षय म्हणून औषधं झाली. त्यांनी काही होईना, तेव्हा मुंबईच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि क्रोन्स असल्याचं सांगितलं. म्हणजे शरीराचे पहारेकरीच आपल्या आतड्यांना चोर समजून बडवत सुटतात. साध्या गोळ्यांनी ते आवरेनात, म्हणून मग ते नवं औषध आलं. गोळी नव्हे, जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं, बाटलीतून शिरेत सोडायचं औषध. दर आठ आठवड्यांनी देवगडच्या आमच्या डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात मी दोन-तीन तास खाटेवर पडायची आणि ते थेंब थेंब अंगात जायचं. पहिलं वर्ष काय सांगू! मी खिशाकडे बघणं सोडून मुलांकडे बघायला लागले. गाल भरले. आयेने देवाला नारळ दिला आणि डॉक्टरांना सुरमई.

मग दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर ते औषध कमी पडू लागलं. म्हणजे डोस घेतला की तीन-चार आठवडे मी बरी असायची, आणि मग पुन्हा कळा, पुन्हा रक्त. शेवटचे पंधरा दिवस तर मी घरातल्या मोरीपासून लांब जाऊ शकत नव्हते. शाळेत रजा टाकली. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दोन शक्यता होत्या. एक तर माझ्या शरीराने त्या औषधालाच शत्रू ठरवलं असेल आणि ते आल्या आल्या मारून टाकत असेल. तसं असलं तर हे औषध संपलं, दुसरं काही हाताशी नव्हतं. आतड्याचा खराब भाग कापायचा आणि बहुधा मळ साठवायला पोटावर पिशवी लावायची. किंवा औषध लागू पडत असेल, पण माझ्या अंगात वेळेआधी संपत असेल. मग ते लवकर लवकर द्यायचं, आणि सुरी लांब ठेवायची.

कोणतं खरं, हे बाहेरून कळत नव्हतं. रक्तात ते औषध किती उरलंय आणि त्याच्याविरुद्ध शरीराने काही उभं केलंय का, हे मोजावं लागणार होतं. ती चाचणी तेव्हा आपल्याकडे होत नव्हती. रक्त मुंबईच्या इस्पितळात पोचवायचं आणि तिथून ते परदेशी जाणार होतं. आणि ते रक्त पुढचा डोस चढवायच्या अगदी आधी काढलेलं हवं होतं, नंतरचं चालणार नव्हतं.

आयेला हे काही पटेना. "औषध देवच्या आधी रगात काढून औषध खंय गावतला?" ती म्हणाली.

आमचे डॉक्टर देवगडचेच. त्यांनी खिडकीतून बंदराकडे बोट केलं. "आये, भरतीक खडाप दिसता?"

"नाय."

"मगे कधी दिसता?"

"सुकतीक."

"हिच्या रक्तातली सुकती बघूची आसा."

सुकती म्हणजे ओहोटी; पाणी ओसरलं की बुडालेला खडक उघडा पडतो, तसं औषध ओसरल्यावरच खरं कळणार होतं. आये एवढ्यावर समजली. त्यानंतर तिला कुणी विचारलं की लेकीला काय झालंय, तर ती सांगायची, सुकती बघूक रगात मुंबैक धाडूचां आसा. ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, पण विचारणं बंद व्हायचं.

मी स्वतः मुंबईला जाऊन रक्त का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. दहा-बारा तासांचा बसचा प्रवास आणि माझी ती अवस्था. ज्याने असे दिवस काढलेत त्याला यापुढे सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, रक्त इथेच काढू, थंड ठेवून कुणाबरोबर तरी पाठवू. तेव्हा आये पुढे सरसावली. थंड ठेवून मुंबईला पाठवायचं काम देवगडात तिच्याहून चांगलं कुणाला येत होतं? मासळीची गाडी रोज संध्याकाळी सुटत होती. मामा मुंबईत मासळीच्या धक्क्याजवळच राहायचा. तो सकाळी खोकं उतरवून इस्पितळात नेणार होता. ठरलं. डॉक्टरांनी नळी भरली, तिच्या हातात दिली आणि मला त्याच दिवशी डोस चढवला.

आयेने ते रक्त पाठवलं ते तिच्या सगळ्यात चांगल्या सुरमईसारखं. नवं थर्माकोलचं खोकं घेतलं. बर्फाच्या कारखान्यातून ताजी लादी आणून बारीक फोडली. नळी मधोमध ठेवली, वरून बर्फ दाबला आणि त्यावर खडेमीठ पसरलं. ती मिठाची युक्ती तिची खास होती. मीठ घातलं की बर्फाचा गारठा वाढतो. लांबच्या मालाला ती नेहमी घालायची आणि ते कुणाला सांगायची नाही. लेकीच्या रक्ताच्या बाबतीत ती हात राखून थोडीच ठेवणार होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाचा फोन आला. मी उचलला. इस्पितळातल्या लोकांनी नळी बघून परत केली होती. रक्त आत गोठून दगड झालं होतं, आणि वितळल्यावर त्यातल्या पेशी फुटून गेल्या होत्या. त्याच्यावर काहीच मोजता येणार नव्हतं.

"काय म्हणता?" आयेने विचारलं.

मी कितीही तिखट बोलणारी असले तरी हे तिला कसं सांगायचं मला समजेना. शेवटी जे होतं ते सांगितलं. रक्त खराब झालं, परत केलं.

आये आधी हसली. मामाची काहीतरी चूक झाली असणार असं तिला वाटलं. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि मामाकडून पुन्हा ऐकलं. "माझो माल नासलो?" तिने विचारलं. "माझो?" इतक्या वर्षांत तिचं एक खोकं परत आलं नव्हतं, आणि आलं ते हे. त्या दिवशी ती बाजारात बसली नाही. मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. पण तिच्यावर नाही. डोस अंगात गेला होता. आता पुन्हा सुकती यायला पुढचे आठ आठवडे थांबायला लागणार होतं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, तेवढं थांबू. पण त्या वेळी रक्त मिळालं नाही तर अंदाजावर चालायचं नाही, ऑपरेशनची तारीख घेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आये डॉक्टरांच्या दारात उभी. मीही बरोबर होते. नेहमी ती दवाखान्यात जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची. त्या दिवशी तेही नाही. "डॉक्टरानू, माका सांगा, रगताक काय सोसता आणि काय सोसना नाय?"

डॉक्टरांनी सांगितलं. गार हवं, पण गोठता कामा नये. मासा गोठला तरी चालतो, रक्त नाही. मिठाने बर्फ इतका थंड झाला की रक्ताचाच बर्फ झाला.

"म्हणजे माझ्या मिठान केलां," ती म्हणाली. मग पदर खोचत, "बरां. आता गोठाचां नाय." आणि उठली.

पुढचे आठ आठवडे आमच्या घरात जे चाललं त्याला काय नाव द्यावं? आयेने डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. त्यांत पाणी भरलं. दर खेपेला एक बाटली वेगळ्या पद्धतीने खोक्यात भरायची, मासळीच्या गाडीने मुंबईला पाठवायची, आणि सकाळी मामाने धक्क्यावर उघडून बघायचं. पाणी आहे की बर्फ झालाय? गार आहे की कोमट? मामा बिचारा बाटली गालाला लावायचा आणि फोनवर सांगायचा. धक्क्यावरचे हमाल त्याला विचारायचे, हे काय, तीर्थ का? तो म्हणायचा, बहिणीने पाठवलंय. तेही खरंच होतं.

पहिल्या बाटलीला मीठ नव्हतं, तरी कडेने गोठली. आये चिडली. तिच्या लक्षात आलं की कारखान्यातून आलेली लादी कडक असते, तिचा गारठा भारी. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला तिने ताक इतकं फुंकलं की बाटली गोणपाटात आणि वर जुन्या साडीत गुंडाळून बर्फापासून पार लांब ठेवली. ती मुंबईत कोमट पोचली. मामा म्हणाला, "अंघोळ करूक बरां आसा." आयेने त्याला फोनवरच चार शब्द ऐकवले.

मग तिने बर्फ फोडून आधी टोपलीत तसाच ठेवायला सुरुवात केली. "तेका घाम सुटांदे," म्हणायची. बर्फ ओला झाला, चमकायला लागला, बोटांना चिकटेनासा झाला की मग खोक्यात. बाटली स्टीलच्या छोट्या डब्यात, डब्याला पंचा, आणि डबा बर्फात पुरायचा नाही, बर्फावर बसवायचा, वरून पुन्हा थोडा बर्फ. त्या खेपेला मामाचा फोन आला: गार पाणी, गोठलेलं नाही. डॉक्टरांनी त्यांच्या फ्रिजमधला छोटा थर्मामीटर काढून दिला आणि पुढच्या खेपेला तोही डब्यात गेला. मामाने आकडा वाचला. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "आये, ह्यां जमला." तरी आयेने आणखी दोन बाटल्या पाठवल्या. एक दिवस गाडी वाटेत खारेपाटणला बंद पडून उशिरा पोचली, तर ती म्हणाली बरं झालं, हेही कळायला हवंच होतं. त्या दिवशीही पाणी गारच होतं.

मी या काळात खाटेवर होते. आधीचे काही आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. अंगात रक्त राहिलं नव्हतं, केस हातात यायचे. रात्री मनात पिशवी यायची. पंचविशी नाही उलटली आणि पोटावर पिशवी घेऊन फळ्यापुढे उभं राहायचं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. आयेशी भांडले, डॉक्टरांशी भांडले. पण खिडकीतून आयेला अंगणात बर्फाकडे वाकून बघत बसलेली पाहिली की भांडण तोंडातच विरायचं. एक बाई, जिने शाळेची चौथी पाहिली नाही, ती माझ्यासाठी बर्फाचा घाम ओळखायला शिकत होती. मला त्या आजाराचा राग यायचा आणि तिचा इतका अभिमान वाटायचा की दोन्ही एकदम पोटात मावायचे नाहीत.

ती सकाळ आली. डॉक्टरांनी बाटली चढवायच्या आधी माझी शीर शोधली. बऱ्याच वेळाने सापडली. नळी भरली आणि त्यांनी ती आयेच्या हातात दिली. तिने मूठ मिटली आणि थबकली. तिच्या हातांनी आयुष्यभर गार वस्तूच धरल्या होत्या. "ऊन आसा गो अजून," ती म्हणाली. बस, एवढंच. मग डबा, पंचा, घाम सुटलेला बर्फ. सगळं दवाखान्याच्या ओट्यावर, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर.

मी सलाइन लावून पडले होते, त्यामुळे बंदरावरचं मी पाहिलं नाही. बाजारातल्या बायकांनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. गाडी भरली होती. आयेने ड्रायव्हरला खोकं आपल्या सीटच्या बाजूला, सावलीत ठेवायला लावलं. मग गाडीपुढे उभी राहून तिने देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराचां रगात तुझ्या वाटेन मुंबैक चल्लां हा. "व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या. तां गोठांदे नको, तां तापांदे नको. "व्हय म्हाराजा!" वाटेत कोणी आडवो येत असात तर तेका बाजूक कर. "व्हय म्हाराजा!" ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तर एका बाईने त्याला विचारलं, "तुका घाई आसा, देवाक नाय?" गाऱ्हाणं पुरं झाल्यावरच गाडी सुटली.

सकाळी मामाचा फोन आला. इस्पितळाने रक्त घेतलं होतं. "चांगलां आसा म्हणाले," मामा म्हणाला. आयेने मला पुन्हा पुन्हा तेच विचारलं, नेमके कोणते शब्द होते. चांगलां म्हणाले की बरां म्हणाले? मी म्हटलं, "आये, परीक्षेचो निकाल नाय तो." तिला तो निकालच वाटत होता. खरा निकाल यायला अजून महिना होता.

तो फोन आला तेव्हा मी डोसच्या जोरावर जरा चालती-फिरती होते. मुंबईचे डॉक्टर स्वतः बोलले. माझ्या रक्तात औषध जवळजवळ संपलेलं होतं. पण त्याच्याविरुद्ध शरीराने काहीही उभं केलेलं नव्हतं. म्हणजे औषध माझं होतं, फक्त मला कमी पडत होतं. आता आठाऐवजी सहा आठवड्यांनी द्यायचं, आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून बघायचं. मी विचारलं, "ऑपरेशन?" ते म्हणाले, "कशाला?" हा एक शब्द मी आयुष्यात कधी विसरणार नाही.

मी चपला घातल्या आणि बंदरावर गेले. एकटी. लिलाव रंगात आला होता. ओल्या फरशीवर सुरमयांचा ढीग, भोवती बायका, लिलाव पुकारणारा खणखणीत आवाजात भाव चढवतोय, आणि आयेचा हात वर.

"आये, मुंबैचो फोन इलो."

ती वळली, हात तसाच. "रगात ताजां होतां?" तिने आधी हेच विचारलं.

"ताजां होतां. औषध लागू आसा माका. बेगीन संपता, म्हणान आता लवकर घेवचां."

"आणि पोट?"

"कापूचां नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुकारणाऱ्याला आमच्याशी काय देणंघेणं? त्याला वर असलेला हात दिसत होता, तो भाव चढवत गेला. बाकीच्या बायका कधीच थांबल्या होत्या. शहाण्या माणसाने ऐकून कान धरावेत अशा भावात त्याने सगळा ढीग आयेच्या नावावर तोडला. ज्या बाईला आयुष्यात कुणी लिलावात फसवलं नव्हतं, तिला ते कळलंसुद्धा नाही. तिचा हात खाली आला तो पदर तोंडाला लावायलाच. ती होती तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि सगळ्या बंदरासमोर हमसून रडली.

कुणी हसलं नाही. पुकारणारा भांबावला. "आये," तो म्हणाला, "चुकान झाला असात तर ऱ्हवांदे. परत बोली लावतंय."

आयेने नाक पुसलं. "कित्याक?" ती बसल्या जागेवरून ओरडली. "घेतलंय तर घेतलंय. आज माझां चेडू बरां झालां हा. उचला रे!"

पण तिने कुणाला उचलू दिलं नाही. स्वतःच उठली, टोपली भरली आणि एका कडेला हात घातला. गेले कित्येक महिने मी पाण्याची कळशीसुद्धा उचलली नव्हती. घरात कुणी उचलू देत नव्हतं. मी दुसरी कडा धरली. तिने माझ्याकडे पाहिलं, नको म्हणायला तोंड उघडलं, आणि मग आपली बाजू उचलली.

टोपली जड होती. बंदरापासून तिच्या बसायच्या जागेपर्यंत आम्ही दोघींनी ती नेली, आणि वाटेत मी कुठेही खाली टेकवली नाही.